काट्याचा काटा

आमच्या कळमन्याच्या बाजारात मिरचीचे पोते काट्यावर चढले, की शेतकऱ्याची नजर पोत्यावर नसते, काट्यावर असते. वाद पेटलाच तर सरकारी शिक्क्याचे वजन आणून ठेवावे. ते किती भरायला हवे हे आधीच ठाऊक; मग खोटा ठरला तर काटाच ठरतो!

सौभाग्यवतींची मॅमोग्राफी ठरली, तेव्हा माझ्या मनात आले, या यंत्राचा काटा कोण तपासतो? पुतणी याच शास्त्रातली. म्हणाली, "काका, त्यासाठी फँटम असतं."

फँटम म्हणजे भूत! पण हे भूत निघाले तळहाताएवढे. दाबलेल्या स्तनाइतका, सुमारे ४.२ सें.मी. जाडीचा अॅक्रिलिकचा ठोकळा. पोटात मेण, आणि मेणात पेरलेले ६ तंतू, कणांचे ५ पुंजके व ५ गाठी, एकाहून एक बारीक. सर्वांत लहान कण ०.१६ मि.मी.चा. यंत्राने त्याचे चित्र काढायचे. अमेरिकेत ठरलेल्या नियमाने किमान ४ तंतू, ३ पुंजके आणि ३ गाठी दिसल्याच पाहिजेत; एरवी यंत्र नापास. आपल्याकडेही अशा यंत्रांच्या ठराविक मुदतीने चाचण्या व्हाव्यात, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक आहे.

"म्हणजे दोन गाठी दिसल्या नाहीत, तरी यंत्र पास?"

"हो काका. त्या फारच बारीक असतात. म्हणून तर तपासणी पुन्हा पुन्हा करायची."

अहवाल निर्दोष आला. सौभाग्यवतींनी तो देवापुढे ठेवला. मी कॅलेंडरच्या मागे पुढच्या तपासणीचा महिना लिहून ठेवला.