कळवण कुठे लावायचं?

एका निवृत्त शिक्षकांच्या स्थानिक इतिहासावरच्या पुस्तकाची नामसूची करायचं काम माझ्याकडे आलं. सरांनी प्रत्येक पानावरची गावं आणि माणसं पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवली होती. नाव आणि पान अशी एकेक जोडी मी पायथॉनच्या लिस्टमध्ये अपेंड करत गेले. पुस्तकातला क्रम मला हाताशी हवा होता, म्हणून सॉर्ट न वापरता सॉर्टेड वापरलं. सॉर्ट आहे तीच लिस्ट जागच्या जागी लावून टाकतं. सॉर्टेड तिला हात न लावता नवी देतं.

छापलेला कागद पाहून सर म्हणाले, "अहो, कळवण कवठे महांकाळच्या आधी कसं? आणि ॲनी बेझंट पार तळाला, हिंगोलीच्याही खाली!"

पायथॉन अक्षरं लावतं ती त्यांच्या युनिकोड क्रमांकांनी. तिथे ळ बसलाय ल आणि व यांच्या मधे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. ॲ युनिकोडमध्ये आला २००८ साली, तोवर स्वरांची रांग भरलेली, म्हणून त्याला व्यंजनांच्याही मागची जागा मिळाली. क्ष आणि ज्ञ सोडले तर बाकीचा क्रम मात्र चोख होता. क नंतर का, कि, की नीट येतात, आणि हलन्ताचा क्रमांक मात्रांच्या पुढचा असल्यामुळे कलेढोणनंतर कल्याण हेही कोशासारखंच.

मग की लिहायला घेतली, म्हणजे कशाच्या आधारे लावायचं ते सांगणारं फंक्शन. 'सातारा' या शब्दाची लिस्ट केली की सहा तुकडे हाती येतात: तीन अक्षरं आणि तीन सुटे काने. प्रत्येक तुकड्याला मी वर्णमालेतलं त्याचं स्थान दिलं. ॲ ला राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेप्रमाणे ए च्या पुढे बसवलं. आता प्रत्येक नाव म्हणजे आकड्यांची एक लिस्ट झाली. दोन लिस्टांची तुलना पायथॉन डोक्यापासून एकेक घटक घेत करतं, आणि जिथे पहिला फरक सापडतो तिथेच निकाल लागतो. आपण शब्दकोश चाळतो तो असाच. मला या भाषेतली ही सोय फार आवडते.

एकाच गावाची पानं चढत्या क्रमाने लावायला वेगळं काही करावं लागलं नाही. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथॉनसाठी लिहिलेली टिमसॉर्ट ही पद्धत स्थिर आहे: की सारखी असलेल्या नोंदींचा आधीचा क्रम ती मोडत नाही. नोंदी मुळात पानांच्याच क्रमाने भरलेल्या असल्यामुळे अंबाजोगाईपुढे ७, ३१, ११२ आपसूक ओळीने आले.

राहिले क्ष आणि ज्ञ. युनिकोडच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष, म्हणून क्षेत्र माहुली क च्या घरात गेलं होतं आणि ज्ञानेश्वर ज च्या. मी दोघांनाही आधी एकसंध करून ळ च्या मागे नेलं. सरांनी क्ष ला संमती दिली, ज्ञ ला नाही.

"ज्ञानेश्वर लोक ज मध्येच शोधणार."

"पण सर, मग नियम एक राहत नाही."

"सूची कुणासाठी? वाचकासाठी ना?"

ज्ञ ची ओळ मी काढून टाकली, क्ष ची ठेवली, आणि फाइल छापखान्यात पाठवली.