शेपटीकडून सुरुवात

पोळ्याच्या आधी आमच्या वर्धा जिल्ह्यात मातीचे बैल बाजारात येतात. कुंभाराच्या हाताला बैल पाठ असतो. चार पाय, वशिंड, शिंगं, की जनावर उभं. पण बोरच्या जंगलातली, शेताच्या धुऱ्याखाली बिळं करणारी जनावरं मला मातीत कधी दिसली नव्हती. मला खवल्या मांजर करायचं होतं.

अंगभर खवले असलेला हा जगातला एकमेव सस्तन प्राणी. दात नाहीत, लांब चिकट जिभेनं मुंग्या आणि वाळवी टिपायची, भ्यालं की अंगाचा घट्ट गोळा करायचा. हा गोळा मोठ्या शिकारी जनावरालाही सहज फोडता येत नाही, माणूस मात्र तो उचलून सरळ पोत्यात घालतो. खवले म्हणजे आपल्या नखांतलंच केराटिन, तरी औषधाच्या नावाखाली त्यांचा चोरटा व्यापार चालूच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असूनही! याचा मला मनापासून संताप येतो. त्या संतापातूनच हे काम सुरू झालं.

आमची कपाशीची काळी माती या कामाला नाठाळ. पाणी प्यायली की फुगते, वाळली की तडकते. म्हणून गावातले कुंभारकाकाजी तळ्याचा गाळ आणून त्यात रेती, राख मिसळून तुडवतात. मी त्यात भाजक्या विटेची चाळलेली भुकटी घातली. तिनं माती कमी आकसते आणि आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट मिळते. अंग पोकळ ठेवलं, पोटाखाली भोक पाडलं. ओल आत कोंडली तर तिची वाफ होऊन जनावर भट्टीतच फुटतं.

अडलं ते खवल्यांपाशी. काकाजी बराच वेळ फोटो बघत होते. मग म्हणाले, "कवेलू कुठून लावत जाते बाप्पा? खालून वर. याचंबी तसंच हाय. शेपटीकडून घे."

तसंच केलं. चिमटीत दाबून एकेक खवला करायचा, टोकदार काडीनं त्यावर बारीक रेघा ओढायच्या, मागची बाजू खरवडून मातीची राबडी लावायची आणि आधीच्या ओळीवर अर्धा चढवून बसवायचा. अंग आणि खवला दोन्हींत ओल सारखी हवी, नाहीतर वाळताना खवला सुटतो. पाठीवर अकरा ते तेरा रांगा. तोंड, पोट आणि पायांची आतली बाजू मात्र उघडी, मऊ.

भट्टीची शिस्त मी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावतीच्या ग्रामोदय संघात पाहिली. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये उभारलेली ही संस्था. मातीतली गारगोटी ५७३ अंशांना रूप बदलते, चढतानाही आणि उतरतानाही. तिथे घाई केली की तडा गेलाच. चकाकी मी लावली नाही, तिनं हे जनावर माशासारखं दिसलं असतं. लोहभस्माचं पाणी फासून पुसून घेतलं. रेघांत काळपट रंग उरला, तेवढा पुरे.

आता साळिंदर घेतलं आहे. काटे ओल्या अंगात रोवले तर वाळताना वाकतात, म्हणून ते वेगळे भाजून नंतर बसवायचे. भाजल्यावर भोकंही आकसतात, तेव्हा ती काट्यांपेक्षा थोडी सैल पाडते आहे. किती सैल, ते काकाजी बोटानं चाचपून सांगतात.