बटन, बटन, बटन

संपादकांनी विषय दिला तो असा : अंध माणसाला कॉम्प्युटरवर लागणारं सॉफ्टवेअर इतकं महाग का? प्रश्न रास्त आहे, पण थोडा जुना झाला आहे. अंध माणसाला स्वतःसाठी लागणारं सॉफ्टवेअर आज फुकट मिळतं. त्याला महाग पडतं ते डोळसांनी डोळसांसाठी केलेलं.

मी जन्मापासून अंध आहे, आणि वेबसाइट, अ‍ॅप दृष्टिहीनांना वापरता येतात की नाही हे तपासणं हा माझा व्यवसाय. माउसला मी हात लावत नाही. सगळं काम कीबोर्डवर चालतं आणि पडद्यावर काय आहे ते ‘स्क्रीन रीडर’ नावाचा प्रोग्राम बोलून दाखवतो. तो कॅमेऱ्यासारखा पडदा बघून वाचतो, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. डॉसच्या काळात पडदा म्हणजे २५ ओळी आणि ८० रकाने होते, अक्षरं अक्षरांच्याच रूपात मेमरीत असायची. ती उचलून बोलायची, की झालं. विंडोज आलं आणि अक्षरांचं चित्र झालं. मग पडद्यावर चित्र काढण्याच्या सूचना मधल्यामध्ये पकडायच्या आणि त्यांवरून पडद्याची एक प्रत आपल्या मेमरीत उभी करायची, असा खटाटोप स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांना करावा लागला. विंडोजची आवृत्ती बदलली, की यातलं बरंच काही पुन्हा लिहायचं. ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

त्यांतला एक टेड हेंटर. अमेरिकेतला मोटरसायकल शर्यतपटू. १९७८मध्ये अपघातात दृष्टी गेली. बिल जॉइसबरोबर त्याने १९८७मध्ये कंपनी काढली. तिचा ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर १९८९मध्ये डॉससाठी आणि १९९५मध्ये विंडोजसाठी आला. किंमत हजार डॉलरच्या आसपास. गिऱ्हाईक जगभरात मूठभर, मेहनत अफाट, त्यामुळे किंमत तेवढी असणार हे मला पटतं. शिवाय तिकडे पैसे बहुतेकदा सरकारी पुनर्वसन खातं किंवा मालक भरायचा. आपल्याकडे भरायचे कोणी? जालना-नांदेडकडून शिकायला आलेल्या मुलाच्या घरी तेवढी रक्कम वर्षाकाठीही शिल्लक पडत नसे. परवाना नसेल तर जॉज चाळीस मिनिटं चालतो आणि मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. आमच्यापैकी अनेकांनी एमएस-सीआयटीचा अभ्यास असा चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत केला आहे.

हे चित्र पालटलं ते मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणामुळे. डोळस माणसाला जो कॉम्प्युटर विकत घेतल्यावर लगेच वापरता येतो, त्यासाठी अंधाने वेगळे पैसे का मोजावेत, हा त्याचा मुद्दा. २००६मध्ये त्याने ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतला. जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. हा स्क्रीन रीडर मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि तो अनुदानं व देणग्यांवर चालतो. सुरुवातीच्या काळात मोझिलाने पैसे दिले म्हणून त्यांना पूर्णवेळ काम करता आलं. तेव्हा ‘फुकट’ याचा अर्थ खर्चच नाही असा नव्हे. तो दुसऱ्या कोणीतरी उचलला आहे. अ‍ॅपलने २००५पासून मॅकमध्ये आणि २००९पासून आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर घातला, अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आला. खिशाचा प्रश्न बराचसा सुटला.

आणि तिथेच गैरसमज सुरू झाला. ‘आता सगळं फुकट मिळतं ना, मग अडचण काय?’ हे वाक्य मी बैठकांमध्ये इतक्यांदा ऐकलं आहे, की उत्तर द्यायचाही कंटाळा येतो.

या वर्षी हाती आलेलं एक प्रकरण डोक्यातून जात नाही. एका बँकेतल्या अंध कारकून बाई नोंदींचं काम चोख करत होत्या. बँकेने सॉफ्टवेअर बदललं. मी बाईंच्या शेजारी बसून नवीन पडद्यावर टॅब दाबत गेलो. एनव्हीडीए बोलला : ‘बटन. बटन. बटन. एडिट, रिकामं. बटन.’ यांतलं एक बटन व्यवहार मंजूर करतं, एक नामंजूर करतं. दुसऱ्याच्या पैशाचा प्रश्न असताना अंदाजाने एंटर कसं दाबणार? बाईंनी सुरुवातीला क्रम पाठ केला : पाचवं बटन म्हणजे ‘सेव्ह’. पुढच्या अपडेटला क्रम बदलला. तारखेच्या चौकटीत कीबोर्डचा फोकस शिरला, की बाहेरच येत नसे. अखेर त्यांना फोन घ्यायला बसवलं. पगार तोच आहे. काम काढून घेतलं गेलं. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांत अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी किमान एक टक्का जागा राखल्या आहेत. जागा राखून माणूस घ्यायचा आणि त्याला न चालणारं सॉफ्टवेअर पुढ्यात ठेवायचं, याला मी खर्च म्हणतो, आणि तो कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

सॉफ्टवेअर कंपनीने दुरुस्तीसाठी वेगळं कोटेशन दिलं, ‘अंधांसाठी विशेष सुविधा’ या नावाखाली. विशेष काहीही नव्हतं. ब्राउझर पडद्यावर दिसणाऱ्या रचनेसोबत आणखी एक अदृश्य रचना तयार करत असतो : हे बटन आहे, याचं नाव अमुक, याची अवस्था तमुक. स्क्रीन रीडर तीच वाचतो. प्रोग्रामरने एचटीएमएलचं साधं बटन वापरलं आणि त्यावर शब्द लिहिला, तर ही माहिती आपोआप भरली जाते. या मंडळींनी नुसत्या चित्रांवर काम भागवलं होतं. प्रत्येक चित्राला नाव द्यायला कोडमध्ये एक ओळ पुरते. सुरुवातीला तो खर्च जवळजवळ शून्य असतो. गिलावा झाल्यावर वायरिंगसाठी भिंत फोडायची ठरवली, तर मात्र बिल वाढणारच.

आता माझा जुना दुखरा विषय, मराठी फॉन्ट. मराठीत जुळवलेला प्रचंड मजकूर अजून युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संकेतप्रणाली येण्यापूर्वीच्या फॉन्टांत पडून आहे. या फॉन्टांची युक्ती अशी, की आत इंग्रजी अक्षरं साठवायची आणि त्यांचा आकार देवनागरी दाखवायचा. यांतल्या कृतिदेवमध्ये ‘भारत’ हा शब्द कॉम्प्युटरच्या लेखी एच-के-के-जे-आर असतो. डोळ्यांना भारत दिसतो. स्क्रीन रीडर एच-के-के-जे-आर वाचतो. अख्खी कादंबरी अशी ऐकून बघा. कन्व्हर्टर आहेत, पण जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा. त्यामुळे जोडाक्षरांपाशी हमखास घोळ होतो आणि शेवटी कोणा डोळस स्वयंसेवकाला ओळ न् ओळ तपासावी लागते. युनिकोडमध्ये जोडाक्षरं तुटतात, असं छापखान्यातले लोक सांगतात. पेजमेकरच्या काळात ते खरं होतं. आजच्या इनडिझाइनमध्ये युनिकोड देवनागरी व्यवस्थित बसते. कायदाही आड येत नाही. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनंतर अंधांसाठी वाचनसुलभ प्रत काढायला परवानगी लागत नाही, आणि अशा प्रतींबाबतचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार २०१४मध्ये मंजूर करणारा भारत हा पहिला देश. दिवाळी अंकांचंच घ्या. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९मध्ये दिवाळी अंकाची परंपरा सुरू केली. इतक्या वर्षांचं हे वाङ्मय, त्यातलं गेल्या दोन-तीन दशकांतलं तर कॉम्प्युटरवरच जुळवलेलं, आणि ते आमच्या कानांपर्यंत येत नाही ते केवळ फाइल कुठल्या फॉन्टात आहे यामुळे. एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो निकाल बँकांच्या केवायसीबद्दल होता, पण मला वाचताना आपली पुस्तकंही आठवत होती.

बँकेच्या सॉफ्टवेअरची सुधारलेली आवृत्ती माझ्याकडे तपासायला आली आहे. बटनांना नावं मिळाली आहेत. तारखेची चौकट अजून अडकते आणि तक्त्यातल्या रकान्यांची शीर्षकं वाचली जात नाहीत. अहवालासोबत मी बँकेला एक सूचना केली : पुढच्या करारात सुगम्यतेच्या आयएस १७८०२ या भारतीय मानकाची अट घाला, आणि त्या कारकून बाईंनी स्वतः कीबोर्डवर एक पूर्ण व्यवहार करून दाखवल्याशिवाय कंपनीला शेवटचा हप्ता देऊ नका.