सव्वा तासाचं विमान

‘अरे, तुमच्या नांदेडला विमानतळ आहे की! मग गावाला जायला एवढी सुट्टी कशाला लागते?’ हॉस्टेलवरची मुंबईची पोरं मला नेहमी ऐकवतात.

नकाशावर त्यांचं बरोबर आहे. मुंबई आणि नांदेड, दोन्ही १९ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास. सरळ रेषेत अंतर साधारण ४७० कि.मी. ताशी ८०० कि.मी. वेग धरला तर भागाकार येतो ३५ मिनिटं. चढणं, उतरणं, धावपट्टी धरून सव्वा तास म्हणा. रेल्वे मात्र मनमाडपर्यंत वर चढते, मग परभणीकडे खाली येते. त्यात अख्खा दिवस नाहीतर रात्र जाते.

पण माझं घर सेनगाव तालुक्यात. गावातून फाटा, फाट्यावरून हिंगोली, मग एस.टी.ने कळमनुरी, वारंगा फाटा, अर्धापूर करत नांदेड. तीन-साडेतीन तास इथेच गेले. विमानतळावर तासभर आधी हजेरी, मुंबईत उतरल्यावर ट्रॅफिक. म्हणजे विमान असेल त्या दिवशीही सव्वा तासासाठी सात तास!

लंडन-पॅरिसचंही तेच. हवाई अंतर सुमारे ३४० कि.मी.; विमानाला सव्वा तास, रेल्वेला सव्वादोन. तरी पुष्कळ लोक रेल्वेनेच जातात, कारण ती भर शहरातून भर शहरात सोडते.

आजी आजारी पडली तेव्हा बाबांनी फोनवर एवढंच विचारलं, ‘कधी पोचशील?’ मी आधी हिंगोलीहून गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या एस.टी.ची वेळ पाहिली. बाकीचा प्रवास त्यावरून उलटा मोजला.