धीर, भाकर आणि कैवारी

ख्रिस्ती धर्मग्रंथात माणसाला दिलासा मिळतो असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा तो ग्रंथ संकट टळण्याची हमी देतो की संकटातून चालण्याचे बळ देतो, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. मराठी ख्रिस्ती समाज ज्याला ‘पवित्र शास्त्र’ म्हणतो, त्या बायबलचा ‘जुना करार’ हा भाग मुख्यतः हिब्रू भाषेत आणि ‘नवा करार’ ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यामुळे कोल्हापुरातल्या घरात रात्रीच्या कौटुंबिक उपासनेत तो वाचला जातो तेव्हा सांत्वन पोहोचते ते भाषांतरकारांनी निवडलेल्या मराठी शब्दांतून, आणि वरील प्रश्नाचे उत्तरही त्या शब्दांतच दडलेले असते.

या शब्दनिवडीमागे दीर्घ परिश्रम आहेत. विल्यम केरी यांनी 1805 मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत छापले. पुढे मुंबईतल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी भाषांतराचे काम चालवले. आणि पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घालून, हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले, जे काम 1922 साली त्यांच्या निधनाच्या थोडाच काळ आधी पुरे झाले. कोल्हापूर संस्थानात हा ग्रंथ रुजला तो 1852 मध्ये येथे आलेल्या रॉयल वायल्डर या अमेरिकन मिशनऱ्याच्या कार्यापासून. शहरातले वायल्डर मेमोरियल चर्च आजही त्यांचे नाव वागवते.

जुन्या करारातील ‘स्तोत्रसंहिता’ हा 150 स्तोत्रांचा, म्हणजे प्रार्थनागीतांचा, संग्रह आहे आणि त्यातले तेविसावे स्तोत्र आजाऱ्याच्या उशाशी जितके वाचले जाते तितकेच अंत्यविधीच्या वेळीही. त्यात परमेश्वराला मेंढपाळ म्हटले आहे. धनगरांचे दैवत असलेल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाची यात्रा आणि खतासाठी शेतात बसवलेली मेंढरे ज्याच्या परिचयाची आहेत, त्याला मेंढपाळ म्हणजे केवळ कोकरू खांद्यावर घेतलेली चित्रातली प्रेमळ आकृती वाटत नाही. ऊनपावसात घोंगडी पांघरून कळपाबरोबर मैलोन्‌मैल चालणारा, रात्री लांडग्याच्या भीतीने जागणारा माणूस त्याच्या डोळ्यांपुढे येतो. मेंढपाळाच्या हातातली काठी कळपाला काय देते, हे सांगताना मराठी भाषांतराने ‘धीर’ हा शब्द योजला, आणि ही निवड मार्मिक आहे. कारण सांत्वन बहुधा हानी झाल्यानंतर केले जाते, तर धीर हा वाट अजून उरलेली असताना द्यायचा असतो.

याच स्तोत्रात एक सूक्ष्म वळण आहे. हिरव्या कुरणांचे आणि संथ पाण्याचे वर्णन चालू असते तोवर स्तोत्रकर्ता परमेश्वराविषयी ‘तो’ म्हणून बोलतो. मृत्यूची छाया पडलेली दरी येताच मात्र तो एकदम ‘तू’ वर येतो. सुखात जो वर्णनाचा विषय होता, तो अंधारात संबोधनाचा होतो. विठोबाला ‘तू’ म्हणून हाक मारणाऱ्या, प्रसंगी त्याच्याशी भांडणाऱ्या संतांच्या भाषेत वाढलेल्या मराठी मनाला हे वळण परके वाटत नाही, आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाचा आश्रय घेतला, त्यामागे हीच सलगी होती.

ही सलगी तक्रारीलाही जागा देते. स्तोत्रसंहितेचा मोठा भाग विलापाचा आहे. एकोणसत्तरावे स्तोत्र गळ्यापर्यंत चढलेल्या पाण्याच्या आकांताने सुरू होते, आणि 2019 व 2021 च्या पावसाळ्यांत पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरलेले पाहिलेल्या शहराला ती प्रतिमा समजावून सांगावी लागत नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहते. अशी प्रार्थना ग्रंथात जपली गेली, यातून निराश माणसाला एवढे तरी कळते की त्याचे रडणे अश्रद्धेत जमा झालेले नाही.

नव्या करारात येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या ‘भाकरी’ची मागणी आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘रोजची’ या जागी असलेला ‘एपिऊसिओस’ हा शब्द इतरत्र जवळजवळ आढळत नाही, त्यामुळे त्याचा अर्थ आजच्या दिवसापुरती, उद्याची की जगण्यास आवश्यक तेवढी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जुन्या करारातील ‘निर्गम’ या पुस्तकात मात्र या मागणीची पूर्वछाया दिसते: अरण्यात इस्राएल लोकांना मिळणारा ‘मान्ना’ हा आकाशातून उतरलेला आहार ज्याने त्याने त्या दिवसापुरताच गोळा करायचा होता, साठवलेला दुसऱ्या दिवशी किडत असे, आणि सवलत होती ती केवळ शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसासाठी. ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्या मुलखात कालची भाकर आज खपून जाते. कालचा धीर मात्र आजच्या संकटाला पुरेलच असे नाही. पाठ झालेले स्तोत्र पुन्हा वाचण्याचे कारण विस्मरण नसून भूक असते.

योहानकृत शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी ‘पॅराक्लेटोस’ हा ग्रीक शब्द येतो, ज्याचा मूळ अर्थ ‘बाजूला बोलावलेला’ असा आहे. मराठीत त्यासाठी ‘कैवारी’ हा शब्द रूढ झाला. दुबळ्याचा कैवार घेणारा माणूस अश्रू पुसण्यापुरता येत नाही. तो बाजू घेतो आणि भांडणही अंगावर घेतो. अशा कैवाऱ्यावर जे ठेवायचे, त्याला मराठी बायबल ‘विश्वास’ म्हणते. शब्दाच्या धातूत श्वास आहे आणि मूळ संस्कृत अर्थ निर्भयपणे, मोकळा श्वास घेणे असा आहे. दुकानदार उधारी देतो तीही याच शब्दावर. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मग फार दूर राहत नाही: दरी टळत नाही, पाणी कधी चढते, भाकर एका दिवसाचीच मिळते, पण बाजूला कोणी चालत असल्याचे जाणवले की छाती थोडी सैल होते, आणि श्रद्धेचे दैनंदिन रूप बहुधा त्या एका मोकळ्या श्वासाएवढेच असते.