बाबासाहेबांनी ढोर सोडायला लावले, मग आम्ही ढोरांचे डॉक्टर का व्हायचे?

आम्ही तिघे समाजकल्याणच्या वसतिगृहात एका खोलीत राहतो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहोत आणि दुसऱ्यांदा ‘नीट’ देतो आहोत, पशुवैद्यकीय पदवीसाठी. हे कळल्यावर आमच्यातल्या एकाचे आजोबा चिडले. “बाबासायबानं ढोर सोडायला लावलं, अन् तुम्ही शिकून परत ढोराकडंच चाललाव?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. समाजाने ढोरे ओढणे बंद केले आणि त्यासाठी गावोगावी बहिष्कार सोसला. पण त्यांचा नकार जनावराला होता की जन्माने लादलेल्या कामाला? कातड्या-शिंगांत पैसा आहे, महारांनी तो का सोडावा, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. एवढा नफा आहे तर तुम्हीच ओढा, असे बाबासाहेबांनी सुनावले. १९५६ च्या नागपूरच्या भाषणातही त्यांनी ही आठवण सांगितली.

याचा अर्थ आम्हाला दिवाळीच्या सुटीत कळला. सरकारी दवाखान्यातले एक पशुवैद्यक सर आम्हाला सोबत नेत. एका गावात म्हैस मेली होती. विम्याच्या दाव्यासाठी मालकाला शवविच्छेदनाचा अहवाल हवा होता. त्याने आमची आडनावे विचारली आणि दोर पुढे केला. “ओढा रे बाहेर.”

आम्ही दोर घेतला नाही. सर म्हणाले, “ही मुलं शिकायला आलीत. दोर तुम्ही धरा.” मालकाने आणि त्याच्या मुलाने म्हैस गोठ्याबाहेर काढली. सरांनी पोट फाडले, फुप्फुस, यकृत दाखवले. त्यांचेही हात रक्ताने भरले. पण हात धुऊन ते अहवालावर सही करू लागले, तेव्हा तोच मालक हात जोडून उभा होता.

मेलेले जनावर फाडणे आमच्या पूर्वजांनी केले तर विटाळ, पदवीधराने केले तर शास्त्र! २०१६ मध्ये उना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बेदम मारले गेले. पदवीने जात जात नाही, आडनाव विचारले जाणारच. पण सहीचा अधिकार आपल्या हातात का नसावा?

आजोबांना सगळे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, “दोर घेतला नाही ना?” “नाही, आबा.” “मग शिका.”

आता मित्रांनो, कामाचे. बारावीत गुण कमी पडले म्हणून घरी बसू नका. बी.एस्सी.ला प्रवेश घ्या, शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना आहे. ‘नीट’च्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे आहेत, तिथे ढिलाई नको. आम्ही पहिल्या वेळी भौतिकशास्त्रात मार खाल्ला, म्हणून आता पहाटे अकरावी-बारावीची पुस्तकेच पुन्हा सोडवतो. निकालानंतर नागपूरच्या माफसू विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. आणि जात वैधता प्रमाणपत्र आजच मागा. आमच्यातल्या एकाची संधी गुणांनी नव्हे, त्या एका कागदाने हुकली.

जयभीम!