टेबल माउंटनच्या पायथ्याशी

मे महिन्याच्या सुट्टीत अम्मीला घेऊन केप टाउनला जाऊन आले. मुक्काम पाचच दिवसांचा. अम्मीचे मोठे चुलते, आमचे बडे अब्बा, कोवळ्या वयात कोकणातले गाव सोडून आगबोटीने या बंदरात उतरले आणि तिथलेच झाले. रत्नागिरी-रायगडकडची अशी कितीतरी कोकणी मुस्लिम घराणी शंभर वर्षांपूर्वी तिकडे गेली. त्यांचे चिरंजीव, म्हणजे माझे मामू, आता ऐंशीचे आहेत. "एकदा भावाचं तोंड पाहू दे," एवढाच अम्मीचा हट्ट होता.

मे म्हणजे तिथे हिवाळ्याची चाहूल. पोहोचलो तेव्हा पाऊस होता. अम्मीने नमाजसाठी जानमाज उघडली आणि सवयीने पश्चिमेकडे वळू लागली. मामूंनी हसून तिला वळवले. मक्का तिथून उत्तर-ईशान्येला! घर सोडून किती लांब आलो, ते तिला त्या क्षणी कळले.

शहराच्या पाठीशी टेबल माउंटन उभा आहे. उंची हजार मीटरहून थोडी अधिक, माथा मात्र मेजासारखा सपाट. वर ढग उतरला की पांढरी चादर अंथरल्यासारखा दिसतो. 1929 पासून तिथे रोपवे आहे. वारा जोराचा असला की तो बंद ठेवतात. दोन दिवस आम्ही पायथ्याशी जाऊन परत आलो.

ते दोन दिवस बो-काप वस्तीत गेले. सिग्नल हिलच्या उतारावर दगडी गल्ल्या आणि गुलाबी, पिवळ्या, हिरव्या रंगांची घरे. डच लोकांनी इंडोनेशिया, भारत, श्रीलंका, आफ्रिका येथून गुलाम व कैदी म्हणून आणलेल्यांचे वंशज इथे राहतात. डॉर्प स्ट्रीटवरची अव्वल मशीद 1794 ची, देशातील सर्वांत जुनी. तिचे पहिले इमाम तुआन गुरू हे तिदोरे बेटावरचे आलिम. 1780 मध्ये त्यांना कैदी म्हणून आणले गेले. कैदेत असताना त्यांनी केवळ हिफ्जच्या बळावर कुरआन लिहून काढला. सुटका झाल्यावर मुलांसाठी मदरसा उघडला. मी शिक्षिका आहे. हाताशी पुस्तक नाही म्हणून तक्रार करण्याची मला त्या मशिदीत लाज वाटली.

मलय भाषा तिथे आता जवळजवळ कोणी बोलत नाही, पण विनंती करताना 'कनाला' म्हणतात. मूळ अर्थ, अल्लाहसाठी. रविवारी सकाळी शेजारणीने पाकात घोळवून खोबऱ्याचा कीस लावलेले गरम कूसिस्टर पाठवले. अम्मी म्हणाली, "आपल्याकडच्यासारखंच, खोबऱ्याशिवाय यांचंही भागत नाही."

तिसऱ्या दिवशी आकाश उघडले. रोपवेच्या गोल डब्याची जमीन वर जाताना सावकाश फिरते, त्यामुळे जागेवरूनच सगळीकडचे दिसते. खाली बंदर, दूर रॉबेन बेट. नेल्सन मंडेलांनी कैदेतील सत्तावीसपैकी अठरा वर्षे त्या बेटावर काढली. तुआन गुरूही तिथेच कैदेत होते.

उतरल्यावर मामूंनी गाडी डिस्ट्रिक्ट सिक्सकडे वळवली. मोकळे माळरान, मधेच नव्या इमारती, आणि मशीद. 1966 मध्ये ही वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली. साठ हजारांहून अधिक माणसे हलवली गेली, घरे पाडली गेली. मामूंनी गवताच्या एका तुकड्याकडे बोट दाखवले. "तिथे आपलं घर होतं. अब्बा भाड्याच्या घरात फार दिवस जगले नाहीत. पण मशिदी पाडल्या नाहीत. जुम्म्याला बस पकडून आम्ही इथेच यायचो."

मामू इंग्रजीतच बोलत होते. मग एकदम अम्मीकडे वळून, त्यांनी कधीही न पाहिलेल्या गावाविषयी कोकणीत विचारले, "विहिरीला पानी हाय?"

अम्मी क्षणभर गप्प झाली. "विहीर हाय, भाईजान. पानी आता नळाचं."

निघताना मामूंनी बडे अब्बांची वही आम्हाला दाखवली. त्यात गावच्या नातेवाइकांची नावे, अम्मीच्या वडिलांचेही. मी फोटो काढून घेतले. जूनमध्ये शाळा उघडल्यावर वर्गातल्या मुलांना पहिला गृहपाठ दिला: घरातून कोण, कधी, कुठल्या बंदराला गेले, ते आजी-आजोबांना विचारून लिहून आणा. वाचकांनीही हे करून पाहावे. विचारायला माणसे आहेत, तोवरच.